पांढऱ्या गाड्या, निळी टोपी आणि कलम ४४

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडे आमचं छोटं गॅरेज आहे. त्याआधी चोवीस वर्षं फौजेत होतो, ईएमईत, व्हेईकल मेकॅनिक. त्यातलं २००९-१० हे एक वर्ष काँगोत गेलं, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून.

आज लिहायला बसलो ते कन्येमुळे. ती राज्यसेवेचा अभ्यास करते. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, शांतिसेनेसमोरची आव्हानं आणि जागतिक संस्थांमधल्या सुधारणा, अडीचशे शब्दांत लिहायचंय. तुम्ही तर जाऊन आलाय, सांगा की." मी म्हटलं, आधी तुझ्या नोट्स दाखव. दोन पानं होती. भारताला सुरक्षा परिषदेत कायम सदस्यत्व का मिळावं याचे सात मुद्दे, नकाराधिकारावर अर्धं पान. जवान हा शब्द एकदाच, तोही 'सर्वाधिक जवान पाठवणाऱ्या देशांपैकी एक' असा. मी बोलत सुटलो, तव्यावरची भाकरी करपली, तिची आई चिडली. म्हणून उरलेलं इथे ओततो.

पहिली गोष्ट, गाडीचा रंग. फौजेची गाडी रंगवतात ती दिसू नये म्हणून. शांतिसेनेची रंगवतात ती दिसावी म्हणून. बीएमपीसारखं चिलखती वाहन, वरपासून खालपर्यंत पांढरं, बाजूला काळ्या अक्षरांत यूएन. पहिल्यांदा बघताना मला कसंतरीच वाटलं, वाघाला चुना फासल्यासारखं. पण सगळी कल्पनाच त्या दिसण्यावर उभी आहे. आम्ही इथे आहोत, आम्हाला बघा, आणि आमच्यादेखत काही करू नका.

काँगोतलं गोमा शहर न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. २००२ च्या उद्रेकात लाव्हा शहरातून वाहिला, तो थंड झाल्यावर लोकांनी त्याच काळ्या खडकावर पुन्हा घरं बांधली. रस्तेही त्यावरूनच. टायरच्या बाजू अशा कापल्या जायच्या की सोलापूर-विजापूर रस्त्याचे जुने खड्डे आठवून बरं वाटायचं.

आता ज्यांना वाटतं की संयुक्त राष्ट्रांची मोठी फौज असते, त्यांच्यासाठी. त्यांच्याकडे स्वतःचा एकही जवान नाही. १९४५ च्या सनदेत कलम ४३ आहे. देशांनी करार करून आपली फौज सुरक्षा परिषदेच्या हाती ठेवायची, असं त्यात ठरलं होतं. तसा एकही करार आजतागायत झालेला नाही. आणि शांतिसेना हा शब्द तर सनदेत कुठेच नाही. १९४८ ला पॅलेस्टाइनमध्ये निरीक्षक गेले, १९५६ ला सुएझच्या वेळी संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड आणि कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांनी पहिली सशस्त्र तुकडी जुळवली. सनदेच्या सहाव्या प्रकरणात समजुतीचे मार्ग आहेत, सातव्यात बळाचे. हे दोन्हींच्या मधलं, म्हणून हॅमरशोल्ड त्याला साडेसहावं प्रकरण म्हणायचे. आमच्या गॅरेजच्या भाषेत जुगाड. जुगाड वाईट नसतो, पण त्यावर सत्तर वर्षं ट्रक चालवत नाहीत.

गाड्याही आपल्याच. देश गाड्या घेऊन जातो, सुटे भाग आपणच न्यायचे, दुरुस्ती आपणच करायची, संयुक्त राष्ट्रं भाडं देतात. याला वेट लीज म्हणतात. ठरावीक काळाने तपासनीस येतो, गाडी चालू आहे का बघतो. बंद असेल तर भाडं कटतं. म्हणून मेकॅनिकला तिथे भाव! माणसांचंही तसंच. माझ्या वेळी देशाला माणशी महिन्याला मूळ दर १,०२८ डॉलर मिळायचा, २०१८ ला तो १,४२८ झाला. पैसा सरकारला येतो, जवानाचा पगार-भत्ता सरकार देतं. "यूएनला गेला, डॉलरच डॉलर" म्हणणाऱ्या पाहुण्यांना हे मी किती वेळा सांगितलं असेल.

आता मुद्दा. काँगो म्हणजे साडेसात महाराष्ट्र. आम्ही सगळ्या देशांचे मिळून वीस हजारांच्या आसपास. ठरावात लिहिलेलं, नागरिकांचं रक्षण करा, 'आपल्या कुवतीनुसार आणि तैनातीच्या भागात'. असं वाक्य पहिल्यांदा १९९९ ला सिएरा लिओनच्या ठरावात आलं आणि मग रूढ झालं. कुवत कुणी ठरवायची? काँगोच्या ठरावांचा मसुदा फ्रान्स लिहितो. मतदान पंधरा देश करतात. उभे कोण राहतात? नेपाळ, रवांडा, बांगलादेश, भारत, पाकिस्तान, इंडोनेशिया. पाच कायम सदस्यांपैकी चीन सोडला तर बाकीच्यांचे जवान किरकोळ.

आमच्या एका सीओबीच्या, म्हणजे कंपनीच्या तळाच्या, गेटसमोर एक बाई कोळसा विकायला बसायची. मकाला म्हणतात तिकडे कोळशाला. एकदा मी गाडी दुरुस्त करायला तिथे गेलो होतो. कॅप्टन साहेब दुभाष्याबरोबर गेटवर उभे होते. तिने विचारलं, "रात्री ते आले तर तुम्ही गेटच्या बाहेर येणार का?" ते म्हणजे कोण, हे तिला सांगावं लागलं नाही.

जगातल्या सगळ्या सुधारणांचा प्रश्न मला त्या एका वाक्यात दिसतो. तिचं उत्तर ठरतं न्यूयॉर्कला, आणि ते ठरवताना ज्याने गेट उघडायचं तो खोलीत नसतो. २० नोव्हेंबर २०१२ ला एम-२३ च्या बंडखोरांनी गोमा घेतलं. मी तोवर परत आलो होतो, टीव्हीवर बघितलं. ज्या रस्त्यांवर आम्ही टायर फाडून घेतले त्याच रस्त्यांवरून ते आत आले आणि शांतिसेना शहरात असूनही त्यांना अडवलं नाही.

सनदेत कलम ४४ आहे. जो देश परिषदेवर नाही त्याची फौज मागण्याआधी, त्याची इच्छा असेल तर, त्या फौजेच्या वापराच्या निर्णयात त्याला बोलवा, असं ते सांगतं. कायम खुर्ची मिळेल तेव्हा मिळेल. आपण आधी हे कलम वसूल का करत नाही? मुलीला मी हेच लिहायला सांगितलं. ती म्हणते, असं लिहिलं तर मार्क जातील.

---

कडक_भाकरी

अण्णा, नळाला पाणी पाच दिवसाआड येऊलालंय आणि तुम्ही सुरक्षा परिषद घेऊन बसलाव. तरी शेवटपर्यंत वाचलो बे. पण त्या बाईला कॅप्टन काय बोलला ते सांगितलंच नाही की!

---

यंत्रमागवाला

मालक, लेख झकास. एक बाजू मांडतो. आमच्या शेडमध्ये फ्यूज उडाला की कामगार शिव्या देतात, मीही देतो. पण तो उडतो म्हणून शेड जळत नाही. नकाराधिकार म्हणजे तो फ्यूज. अमेरिका आणि रशिया समोरासमोर येण्याची वेळ आली की परिषद बंद पडते, गरम होऊन पेटत नाही. जुन्या राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स) नकाराधिकार नव्हता, म्हणूनच मोठे देश निघून गेले आणि तो बुडाला.

---

फळा_खडू

यंत्रमागवाले, फ्यूजची उपमा मी वर्गात वापरणार, पण शेवटचं वाक्य दुरुस्त करा. राष्ट्रसंघाच्या परिषदेत एकमत लागायचं. म्हणजे पाचांना नव्हे, जवळपास प्रत्येकालाच नकाराधिकार होता. अमेरिका तर त्यात आलीच नाही. जपान आणि जर्मनीने १९३३ ला बाहेर पडायची नोटीस दिली, सोव्हिएत युनियनला १९३९ ला काढलं.

धागाकर्त्यांना: कलम ४४ आठवणीत ठेवलंत, बरं वाटलं. मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, ते विचारणारा विद्यार्थी मिळाला नाही. पण एक अडचण आहे. ते कलम ४३ च्या आधाराने उभं आहे, आणि ४३ चे करार झालेच नाहीत. सक्तीने फौज मागवायची तेव्हाचं ते कलम. शांतिसेनेला देश आपखुशीने जवान देतात, त्यामुळे कोर्टात टिकेल असा हा हक्क नाही. भारताचे प्रतिनिधी परिषदेत ४४ चा दाखला वारंवार देतात, तो भावार्थाने. २००१ च्या ठराव १३५३ मध्ये जवान पाठवणाऱ्या देशांशी सल्लामसलतीची पद्धत घालून दिली आहे. ती बैठक होते. मसुदा बहुतेक ठरल्यावर होते, ही तक्रार जुनी आहे.

कायम सदस्यत्वाचं गणित थोडक्यात, कारण दर चार धाग्यांनी ते येतं. परिषद एकदाच वाढली. १९६३ ला महासभेने ठरवलं, १९६५ ला अमलात आलं, अकराचे पंधरा झाले, चारही नव्या जागा तात्पुरत्या. पुन्हा वाढवायची तर कलम १०८: महासभेत दोन तृतीयांश, मग तितक्याच देशांच्या संसदांची मान्यता, आणि त्यात पाचही कायम सदस्य हवेत. २००५ ला भारत, जपान, जर्मनी, ब्राझील कायम जागांसाठी एकत्र आले. समोर इटली, पाकिस्तान वगैरे विरोधकांचा कॉफी क्लब उभा राहिला. आफ्रिकी देशांनी एझुल्विनीत ठरवलं की आम्हाला दोन कायम जागा, नकाराधिकारासह. तेव्हापासून गाडी तिथेच उभी आहे.

---

गिअरबॉक्स

सर, ४३-४४ ची गाठ मला माहीत नव्हती. म्हणजे पाया घातलाच नाही आणि वरच्या मजल्याचा हक्क सांगतोय मी. ठीक आहे, धाग्याचं नाव बदलत नाही, मुलीला मात्र 'भावार्थाने' घालायला सांगतो.

यंत्रमागवाले, फ्यूज मान्य. पण तुमच्या शेडमधला फ्यूज करंट बघून उडतो, कामगार कुणाचा आहे ते बघून नाही. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनच्या ठरावाला अकरा मतं पडली, तीन देश तटस्थ राहिले (त्यात आपणही), आणि ज्याने हल्ला केला त्यानेच हात वर करून ठराव पाडला.

---

बाणेरचा_सोलापूरकर

मला वेगळाच प्रश्न पडतो. आपण पाठवायचंच कशाला? आतापर्यंत पन्नासच्या वर मोहिमांत आपले २ लाख ९० हजारांहून जास्त लोक जाऊन आले. १८० च्या आसपास गेले, कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्याचं फळ काय? खुर्ची नाही. आपल्या जवानांवर प्रसंग आला तर सोडवायलाही आपणच. सिएरा लिओन २००० आठवा. कैलाहूनला आपले २२२ जवान आणि ११ निरीक्षक बंडखोरांच्या वेढ्यात, जवळपास अडीच महिने. शेवटी जुलैत ऑपरेशन खुकरी करून बाहेर काढले. फोर्स कमांडर आपलेच मेजर जनरल जेटली. त्यांनी मोहिमेतल्याच दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांवर हिऱ्यांच्या धंद्याचा आरोप करणारं टिपण लिहिलं, ते फुटलं, आणि शेवटी भारताने आपली तुकडीच परत बोलावली.

१९६७ ला गाझात तर कहर. इजिप्तचे नासर म्हणाले निघा, संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलं, आणि निघता निघता युद्ध सुरू होऊन आपले जवान मारले गेले. यजमानाने दार दाखवलं की संपलं, ही कसली फौज?

---

गिअरबॉक्स

भाऊ, राग समजतो. पण '१८० गेले आणि खुर्ची नाही' हे वाक्य मला आवडत नाही. जवान खुर्चीचा हप्ता भरायला गेलेले नव्हते. ५ डिसेंबर १९६१ ला काँगोतल्या एलिझाबेथव्हिलला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया सोळा जणांची तुकडी घेऊन शंभराच्या आसपास असलेल्या शत्रूवर तुटून पडले, रस्ता मोकळा राहिला. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. त्यांच्या हिशेबात सुरक्षा परिषद कुठे बसवायची?

नाही पाठवले तर काय होतं हेही बघा. रवांडा १९९४. तिथल्या शांतिसेनेचे कमांडर रोमिओ दालेर यांच्याकडे अडीच हजार लोक होते. पहिल्याच दिवशी दहा बेल्जियन जवान मारले गेले, बेल्जियमने तुकडी काढून घेतली. २१ एप्रिलला, कत्तल ऐन भरात असताना, परिषदेने मोहीम २७० वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत आठ लाख माणसं.

---

सोरेगाव_क्वार्टर

मी फारसं लिहीत नाही इथे. मिस्टर एसआरपीत आहेत, गट क्रमांक दहा. राजकारण मला कळत नाही, पण उभं राहणं काय असतं ते कळतं. मिरवणुकीच्या बंदोबस्ताला सोळा-सोळा तास उभे असतात. लोक म्हणतात, नुसते उभे असतात की. अहो, नुसतं उभं राहण्यासाठीच त्यांना आणलेलं असतं. ते उभे असल्यामुळे जे घडत नाही ते पेपरात कसं येणार?

पण त्यांच्यामागे एक असतं. पलीकडच्या चौकातल्या पोरांना खात्री असते की ऑर्डर येऊ शकते. ती कधीच येणार नाही असं एकदा कळलं तर त्या उभं राहण्याला काही अर्थ राहत नाही. काकांच्या गोष्टीतल्या बाईला तेच विचारायचं होतं ना?

---

फळा_खडू

सोरेगावच्या ताई, शांतिसेनेची तीन तत्त्वं पुस्तकात असतात: संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाच्या रक्षणाशिवाय बळ न वापरणं. तिसऱ्या तत्त्वाचं इतकं चांगलं स्पष्टीकरण मी वाचलेलं नाही.

बोस्नियाचं उदाहरण इथे चपखल बसतं. तिथल्या मोहिमेचे पहिले फोर्स कमांडर लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १९९२-९३ असं एक वर्ष ते होते. ते गेल्यावर परिषदेने सहा 'सुरक्षित क्षेत्रं' जाहीर केली. ती राखायला ३४,००० जादा जवान लागतील, असं सचिवालयाने सांगितलं. परिषदेने स्वस्तातला पर्याय निवडला, ७,६००. जुलै १९९५ ला त्यांपैकीच एका, स्रेब्रेनिकात जेमतेम चारशे डच जवान होते आणि आठ हजार पुरुष नि मुलगे मारले गेले. 'सुरक्षित' हा शब्द कागदावर लिहायला काहीच खर्च आला नव्हता.

शांतिमोहिमांचा आढावा घेणाऱ्या २००० च्या ब्राहिमी अहवालाची एक शिफारस मला आजही सगळ्यांत शहाणी वाटते. पुरेसे जवान द्यायचं देशांनी पक्कं कबूल करेपर्यंत ठराव मसुदा म्हणूनच ठेवा, मंजूर करू नका. आधी माणसं, मग शब्द. ती काही नीट पाळली गेली नाही.

---

कडक_भाकरी

कॅप्टन काय बोलला??

---

वॉर्ड_नंबर_सात

सगळे जवानांची बाजू घेत आहात म्हणून दुसरी बाजू. मी नर्स आहे. हैतीत २०१० च्या ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला. त्याआधी तिथे कित्येक दशकांत तो नव्हता. नेपाळहून आलेल्या तुकडीच्या तळाची घाण नदीच्या पाण्यात गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांच्या प्रमुखांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ ला. सहा वर्षं! नुकसानभरपाईचा दावा लावला तर कायदेशीर संरक्षण आडवं आलं. ते कोर्टात खेचले जात नाहीत.

आणि दुसरा विषय, जो इथे कुणी काढणार नाही म्हणून मीच काढते. पोटासाठी गेटपाशी येणाऱ्या बायका-मुलींचं शोषण. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या प्रकरणांनंतर २०१६ ला ठराव २२७२ आला: अशा तक्रारी वारंवार येत असतील तर त्या देशाची अख्खी तुकडीच परत पाठवा. पण खटला चालवायचा अधिकार जवानाच्या देशाकडेच राहतो. साक्षीदार आफ्रिकेत, आरोपी घरी. गिअरबॉक्स काका, तुमच्या गोष्टीतल्या बाईने बाहेर येणार का विचारलं. अशाही बायका असतील ज्यांना हे लोक गेटच्या आतच राहिले तर बरं, असं वाटत असेल.

---

गिअरबॉक्स

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि सबब सांगणार नाही. आरोप भारतीय तुकड्यांवरही झालेत. आमच्यात याबद्दल दबक्या आवाजात बोललं जायचं, उघड कधीच नाही. सुधारणेत हेही आलं पाहिजे. मुलीच्या नोट्समध्ये हा मुद्दा नव्हता, माझ्या लेखातही नव्हता, हे तुम्ही दाखवून दिलंत.

---

होटगीरोड_७८६

वरच्या चर्चेत लायबेरिया राहिला. २००७ ला आपल्या सीआरपीएफच्या बायकांची अख्खी तुकडी तिथे गेली, जगातली पहिली. २०१६ पर्यंत एकामागून एक तुकड्या जात राहिल्या. वॉर्ड नंबर सात ताईंच्या प्रश्नाला ते पूर्ण उत्तर नाही, पण काहीतरी आहे.

---

चार_पुतळा

बाहेरून आलेली फौज शहराला कशी दिसते हे सोलापूरला शिकवायची गरज नाही. मे १९३० ला इथे मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घातली म्हणून शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा फासावर गेले. त्या गोऱ्या शिपायांनाही सांगितलेलंच होतं, तुम्ही शांतता राखायला आलात.

काँगोत जुलै २०२२ ला लोकांनीच शांतिसेनेच्या तळांवर मोर्चे नेले, हल्ले झाले. बुटेंबोला आपल्या बीएसएफचे दोन जवान गेले. आंदोलकही मेले. मालीने २०२३ ला सांगून टाकलं, निघा, आणि डिसेंबरअखेर मोहीम गुंडाळली. दहा वर्षांत तीनशेहून जास्त शांतिसैनिक तिथे गेले होते. लोकांना नको असेल तर कलम ४४ काय आणि ४३ काय?

---

बाणेरचा_सोलापूरकर

+१. हेच म्हणत होतो.

---

गिअरबॉक्स

चार पुतळा साहेब, मार्शल लॉची तुलना मला पटत नाही. ते राज्य करायला आले होते. आम्ही एक वर्ष राहून, टायर बदलून, परत आलो. पण 'कशी दिसते' हे तुमचं बरोबर आहे. तारेच्या आत जनरेटर, दिवे, हॉस्पिटल. तारेच्या बाहेर अंधार. दहा वर्षं असं बघितल्यावर कुणीही विचारेल, हे नक्की कुणासाठी आलेत? आणि लोक चिडले ते फौज आली म्हणून नाही. बाहेर येत नाही म्हणून चिडले. बुटेंबोची बातमी आली त्या दिवशी मी शटर लवकर ओढलं.

---

जुनी_गिरणी

गोम्याला आपल्या फौजेचं मोठं हॉस्पिटल आहे ना? ते वाचून मला डॉ. कोटणीस आठवले. १० ऑक्टोबर १९१० ला याच सोलापुरात जन्म. १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, बत्तिसाव्या वर्षी. ते का गेले याचा धागा फळा_खडू सरांच्या प्रतिसादाशी जुळतो. १९३१ ला जपानने मांचुरिया घेतला, राष्ट्रसंघाने चौकशी आयोग नेमला, अहवाल आला, जपान उठून गेला. पुढे पूर्ण युद्ध पेटलं तेव्हा कुणीही निळी टोपी पाठवली नाही. गुलाम देशातल्या काँग्रेसने लोकांकडून वर्गणी काढून डॉक्टर पाठवले.

आज तो चीन परिषदेत कायम आहे, चिनी पाहुणे कोटणिसांना अजूनही हार घालतात, आणि कायम पाचांपैकी भारताच्या जागेला उघड पाठिंबा न देणाराही तोच एक आहे. घ्या.

---

यंत्रमागवाला

पैशाचं कुणी बोललं नाही, धंदेवाईक म्हणून मी बोलतो. शांतिसेनेचा वर्षाचा खर्च साडेपाच अब्ज डॉलरच्या घरात. जगाच्या लष्करी खर्चापुढे चिल्लर. वर्गणी सगळ्यांत जास्त अमेरिकेची, मग चीनची. ती वेळेवर आली नाही की जवान देणाऱ्या देशांची बिलं थकतात. ऑक्टोबर २०२५ ला संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं की नऊ मोहिमांतले साधारण चौथाई जवान कमी करायचे, तेरा-चौदा हजार, कारण पैसा नाही. लेबनॉनची मोहीम तर २०२६ अखेर बंदच. व्यापाऱ्याची पार्टी पैसे थकवते तेव्हा मी माल थांबवतो. भारत-बांगलादेश-नेपाळने एकदा मिळून माल थांबवला तर?

---

फळा_खडू

कल्पना चांगली, पण एक मेख आहे. तुम्ही थांबवलात तर दुसरा उभा राहतो. आता मध्य आफ्रिकेत रशियन भाडोत्री आले, मालीतही आले. त्यांना ठराव लागत नाही आणि तपासनीसही येत नाही.

---

गिअरबॉक्स

यंत्रमागवाले, थांबवण्यापेक्षा वेगळं सुचवतो. माल देण्याआधी ऑर्डर वाचू द्या. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान (हो, पाकिस्तानसुद्धा, काँगोत त्यांच्या वर्कशॉपकडून मी पाना मागून आणलेला आहे) यांनी मिळून एवढंच म्हणावं: मसुद्याची पहिली प्रत आमच्या टेबलावरून जाईल, आणि सरांनी सांगितलेली ब्राहिमींची अट पाळली जाईल. त्याला कलम १०८ लागत नाही, पाच देशांच्या संसदा लागत नाहीत. त्यातही कॉफी क्लब निघेल म्हणा.

जानेवारी २०२५ ला एम-२३ ने गोमा पुन्हा घेतलं. पंधरा वर्षांपूर्वी ज्या रस्त्यावर मी जॅक लावून झोपायचो तो रस्ता पुन्हा टीव्हीवर. पहिल्या वेळी मी चिडलो होतो. या वेळी नुसता बघत बसलो.

कडक भाकरी, तुझा प्रश्न दोनदा टाळला. टाळला कारण लोकांना उत्तर शूराचं हवं असतं, आणि ते तसं नव्हतं. कॅप्टन साहेब सव्वीस-सत्तावीसचे असतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दुभाष्याला म्हणाले, "बाहेर येऊ की नाही ते माझ्या हातात नाही, म्हणून तसा शब्द देत नाही. पण हे गेट माझ्या हातात आहे. ती आली तर ते उघडं असेल, एवढं सांग."

त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. नंतर वाचलं की डिसेंबर २०१३ ला दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेने असंच केलं. जुबात गोळीबार सुरू झाल्यावर तळांची दारं उघडली, हजारो माणसं आत आली, पुढे तो आकडा दोन लाखांवर गेला. बेंतिऊ, मलाकालच्या तळांवर वर्षानुवर्षं राहिली. ठरावाने ते ठरवलं नव्हतं, तिथल्या मोहिमेतल्या माणसांनी ठरवलं.

बाईने ऐकून घेतलं, मान हलवली नाही, हसलीही नाही. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ती रस्त्याच्या अलीकडे, गेटला जवळजवळ लागून बसली होती. पोतं, तराजू, दोन पोरं, सगळं घेऊन. पहारेकरी तिला मागे सरकवायला निघाला तर साहेबांनी हातानेच नको म्हटलं.

---

कडक_भाकरी

अण्णा.

उद्या स्कूटर घेऊन येतो, क्लच प्लेट गेलीय. गॅरेज किती वाजता उघडता?

---

गिअरबॉक्स

साडेनऊ. आणि येताना पार्क चौकातनं शेंगा चटणी आण पावशेर, भाकरी करपवल्याचं अजून मिटलेलं नाही.